पागोट्याची भाऊबीज

वलगावच्या खुशालरावांनी बायको-पोरीला घेऊन दिवाळीत अमरावती बघायला जायचे ठरवले, तेव्हा गावात कोणाला नवल वाटले नाही. त्या दोन-तीन वर्षांत वलगावात नवल वाटायचे बंदच झाले होते. सातासमुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात भाऊ-भाऊ एकमेकांवर बंदुका रोखून उभे होते. त्यामुळे तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि त्यामुळे वऱ्हाडातल्या काळ्या मातीतल्या कापसाला असा भाव आला, की ज्याच्या घराला धड दार नव्हते त्याने आधी पितळी कुलूप विकत घेतले. एकाने बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या आणि तेव्हापासून तो बैलांच्या राखणीला गोठ्यातच निजू लागला. एकाने काचेचे झुंबर आणले; टांगायला छत नव्हते म्हणून अंगणातल्या लिंबाला टांगले, आणि त्यात चिमण्यांनी संसार मांडला. देवापुढे उभे राहिले की लोक सगळ्यांचे भले मागत, फक्त त्या परमुलखातल्या भावांचा समेट इतक्यात घडवू नकोस, एवढे हळूच पुढे जोडत.

खुशालरावही जोडत. पण ते देवळातून बाहेर पडताना नेहमी जरासे थबकत, कारण भावाभावांच्या समेटाचे काहीही होवो, त्यांना स्वतःला एका समेटाची फार निकड होती, आणि ती देवाला सांगायचीही लाज वाटत होती.

झाले होते असे. खुशालरावांची थोरली बहीण जमुना अमरावतीला दिली होती. आई लवकर गेल्यामुळे जमुनाआक्कानेच खुशालला लहानाचा मोठा केला. शेतातल्या पहिल्या वेचणीला बायका दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, तेव्हा आक्का त्याला कडेवर घेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राही आणि देवाच्या आधी त्याच्या तोंडात घास घाली. लग्न होऊन ती गेली, तरी दर भाऊबीजेला खुशाल बैलगाडी जुंपून अमरावतीला जाई, पाटावर बसे, ओवाळून घेई आणि पोटाला तडस लागेपर्यंत करंज्या खाई. त्यात खंड कधी पडला नव्हता.

मग भाव चढला. गेल्या भाऊबीजेच्या दिवशी नेमके दलाल कापूस बघायला बांधावर यायचे होते. आता कोणताही शहाणा माणूस बहिणीला निरोप पाठवतो, की आज जमत नाही, उद्या येतो. पण खुशालराव नुकतेच मोठे झाले होते. त्यांनी कुठेसे ऐकले होते, की बड्या घराण्यांत नवरदेवाला लग्नाला जायला सवड नसली की त्याची तलवार पाठवतात, आणि नवरी तलवारीला माळ घालते. खुशालरावांकडे तलवार नव्हती. पागोटे होते.

तर त्यांनी ते लाल पागोटे ताटात ठेवले, वर रेशमी रुमाल झाकला, सोबत जरीचे लुगडे दिले, आणि नव्यानेच ठेवलेल्या नत्थुजी दिवाणजीला गाडीत बसवून सांगितले, "जाय. हे पाटावर ठेव, आक्कापासून ओवाळून घे अन् वापस ये."

नत्थुजी सांगितल्या कामाचा माणूस. त्याने आक्काच्या घरी पाट मांडायला लावला, पागोटे पाटावर ठेवले आणि बाजूला हात जोडून उभा राहिला. आक्काने दिवा लावलेले ताट हातात घेतले होते. ती पागोट्याकडे बराच वेळ बघत राहिली म्हणतात. मग परसात गेली, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसे बीजेच्या चंद्राला ओवाळले, आत येऊन नत्थुजीला पोटभर जेवू घातले, आणि पागोटे, रुमाल, लुगडे सगळे जसेच्या तसे गाडीत ठेवले. निरोप एवढाच दिला, "त्याले म्हणा, पागोट्याले तोंड नसते. करंजी कोणाले चारू?"

त्या गोष्टीला आता वर्ष झाले. आखाजी गेली, पोळा गेला, आक्का माहेरी आली नाही. खुशालराव गेले नाहीत. जी बाई पागोटे परत करते, ती माणसाला परत पाठवायला किती वेळ लावेल, हा विचार त्यांच्या मनातून जाईना. आणि तेही आपल्या बायको-पोरीदेखत, आळीतल्या चार घरांदेखत.

म्हणून तर अमरावती बघायची होती. गाडी भाऊबीजेच्या दिवशीच जुंपली, हा खुशालरावांच्या मते निव्वळ योगायोग होता. बायको मैनाबाईने बाकी सगळी तयारी केली. तिने करंज्यांचा डबा तेवढा गाडीत ठेवला नाही. खुशालरावांनी विचारले, "काहून व, डबा कुठं हाये?" तर म्हणाली, "जिथं चाललो तिथं भेटतीन." खुशालराव पुढे बैलांशीच बोलले.

शहरात शिरल्यावर खुशालरावांना एकाएकी अमरावतीची फार माया आली. आधी त्यांनी अंबादेवीचे दर्शन करवले. मग जयवंता या आठ वर्षांच्या लेकीला कापसाच्या गाठी दाबायचे यंत्र दाखवायला नेले. सणामुळे ते बंद होते, तरी तासभर ते त्याच्या दांड्याकडे बोट दाखवून ते चालू असते तर कसे चालले असते हे सांगत राहिले. मग जिलेबी खाल्ली. मग एका पेटीवाल्याकडे भोकातून चित्रे बघितली. पेटीवाला गाऊन सांगत होता, ही काशी, हा दिल्लीचा लाल किल्ला, ही विलायतेची राणी. खुशालरावांनी तीनदा बघितली. चौथ्यांदा वाकले तेव्हा पेटीवालाच म्हणाला, "साहेब, राणी तीच हाय. बदलली नाही."

मग त्यांनी पागोटे घेतले. जुने त्यांना डोळ्यांपुढे नको होते. दुकानदाराने बांधून तयार असलेले, केशरी रंगाचे, जरीच्या काठाचे एक पागोटे त्यांच्या डोक्यावर ठेवले. ते भुवयांवर येऊन टेकले.

"मोठं होते," मैनाबाई म्हणाली.

"आजकाल मोठंच चालते," दुकानदार म्हणाला.

खुशालरावांना ते पटले. त्या दोन-तीन वर्षांत त्यांना दुकानदारांचे सगळेच पटे.

ऊन कलले तेव्हा मैनाबाईने बांगड्या भरायच्या म्हणून हट्ट धरला. बांगड्यांचे दुकान इनायतुल्लाचे, पण हात हातात घेऊन बांगडी चढवायचे काम त्याची बायको नसीमबानो करी. बायका आत बसल्या. खुशालराव बाहेरच्या पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसले आणि कान मात्र आत ठेवले.

"हात ढिला सोडा, बाई," नसीमबानो म्हणत होती. "कुठून आले तुम्ही?"

"वलगाव."

"वलगाव?" बांगड्यांची किणकिण थांबली. "आमच्या जमुनाबाईचं माहेर तेच ना? काल येऊन गेल्या. हिरव्या भरून घेतल्या, अन् मले विचारे, वलगावकडल्या गाड्या दिसल्या का गं बाजारात. म्हटलं, दिवाळी हाय, गाड्या तर सगळ्याच गावच्या दिसतात. तर म्हणे, नाही, असंच विचारलं."

पायरीवर बसलेल्या पाठीची हालचाल झाली नाही.

"औंदा बी चंद्रालेच ओवाळलं," मैनाबाई म्हणाली, आणि आवाज जरा बाहेर जाईल एवढा चढवला, "तर आळीतल्या बायका तिले बिनभावाचीच धरतीन. हळदीकुंकवाले बसल्या म्हणजे बोलतीन बी. एकदा चुकते बापा माणूस. दोनदा झालं म्हणजे रीत झाली."

"चंद्र कितीसा टिकतो बीजेचा," नसीमबानो म्हणाली. "दिवे लागले की दिसला, घटकाभरात गेला. आमची ईद पण त्याच्याच भरवशावर असते, म्हणून मले ठाऊक."

खुशालराव पायरीवरून उठले. मैनाबाईला वाटले, आता म्हणतील, चल. ते म्हणाले, "जयवंतेले पाळणा दाखवायचा राहिला."

पाळणा म्हणजे लाकडी रहाटपाळणा. चार पेट्या, मधोमध दणकट खांब, आणि हाताने ढकलून गरगर फिरवणारा पाळणेवाला. तो दिवाळीत आळीमागच्या मोकळ्या मैदानात उभा राही. खुशालरावांना ते मैदान पक्के ठाऊक होते. मैदानाच्या कडेला ज्या घरांच्या मागच्या भिंती होत्या, त्यांत एक आक्काच्या परसाची भिंत होती. मागच्या भिंतीला दार नसते. ती कोणाला ओळखत नाही, कोणाला परत पाठवत नाही. तिच्याजवळ उभे राहिले म्हणजे बहिणीच्या जवळ गेल्यासारखे होते आणि गेल्यासारखे होतही नाही. खुशालरावांना इतपत धीर झाला होता.

जयवंता पाळण्यात बसली, पण एकटी बसेना. "बाबा, तुमी बी या."

"मी काय पोरगं हाये का?"

"मग मी रडीन."

ही धमकी ती क्वचितच देई आणि नेहमी पुरी करी. खुशालराव आत बसले. पेटी एवढी खाली दबली, की पाळणेवाल्याने समोरच्या पेटीत तोलाला तीन बायका आणि एक गठुडे बसवले. मग पाळणा करकरत निघाला. एक फेरा झाला, दुसरा झाला. जयवंताच्या हातात कागदाची भिंगरी होती, ती वाऱ्याने भिरभिरायला लागली. सूर्य बुडाला होता, मैदानात पणत्या आणि मशाली लागत होत्या. तिसऱ्या फेऱ्यात खुशालरावांची पेटी वर गेली, अगदी वर, आणि तिथेच थांबली.

"काहून थांबला रे?" खुशालरावांनी खाली बघून विचारले.

पाळणेवाल्याने खालची पेटी एका हाताने धरून ठेवली होती आणि तो त्यांच्याकडे बघत नव्हता. त्याच्या शेजारी मैनाबाई उभी होती. तिने पदराच्या गाठीतला चिवडा काढून त्याच्या दुसऱ्या हातावर ठेवला होता, आणि तो वर न बघण्याबद्दलच असावा.

खुशालरावांनी मान वर केली, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की मागच्या भिंतीची ओळख न देण्याची ख्याती फक्त जमिनीवरून खरी असते.

समोर, भिंतीपलीकडे, आक्काचे परस होते. तुळशीपुढे रांगोळी होती. पलीकडच्या पडवीत एक पाट मांडलेला होता, रिकामा, आणि पाटाभोवतीही रांगोळी काढली होती. आक्का परसाच्या मधोमध उभी होती. केस कानांशी पांढरे झालेले. वर्षभरात झाले असतील, किंवा आधीचेच असतील आणि त्यांनी कधी बघितले नसतील. तिच्या हातात ताट होते, ताटात दिवा होता, आणि ती सरळ त्यांच्याकडे तोंड करून उभी होती.

खुशालराव पेटीत खाली सरकले. गुडघे हनुवटीला लागले. तिने बघितले, असे त्यांना वाटले. पण आक्का कपाळावर हात धरून डोळे बारीक करून बघत होती, आणि उजेडाकडे बघणाऱ्या माणसाला उजेडाआड बसलेला माणूस कसला ओळखू येतो. ती एकदा डावीकडे झुकली. मग उजवीकडे झुकली.

"कोण हाये थे वरते?" ती म्हणाली. भांडणाचा सूर नव्हता, त्रासल्याचा होता. "जराक सरक ना बापा. मले चंद्र दिसून नाही राहिला."

खुशालरावांनी मागे वळून बघितले. त्यांच्या पाठीमागे, मैदानापलीकडच्या बाभळींवर, नखाच्या कोरीएवढा बीजेचा चंद्र होता. आक्का आणि चंद्र यांच्या बरोबर मध्ये लाकडी पेटी होती, आणि पेटीत ते होते, केशरी पागोट्यासकट.

त्यांना सरकायची फार इच्छा होती. पण पाळणा सोडून सरकता येत नाही. आणि वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्यापाशी कोणतीच सबब नव्हती. इथून दाखवायला लाल किल्लाही नव्हता.

पोरांना मात्र सबब लागतच नाही.

"आत्या," जयवंता म्हणाली, "चंद्र आमच्या मांग हाये. आमी बी हाओ."

परसातला हात कपाळावरून खाली आला.

पाळणेवाला चिवडा खात होता, तेवढाच आवाज.

"आक्का," खुशालराव म्हणाले, आणि पेटीच्या कडेवरून पुढे वाकले. वाकले मात्र, आणि सकाळपासून भुवयांवर टेकून बसलेले ते केशरी पागोटे निघाले. ते हवेत एकदा उलटे झाले, भिंतीवर टेकले, क्षणभर तिथे कुठे पडावे याचा विचार केला, आणि आक्काच्या पायाशी, रांगोळीच्या कडेला जाऊन बसले.

आक्काने पागोट्याकडे बघितले. मग वर बघितले. आता मात्र तिला ओळखू आले असावे, कारण टकलावर मैदानातल्या मशालींचा उजेड पडत होता.

"औंदा बी पागोटंच धाडलं का?" ती म्हणाली.

खुशालरावांनी वर्षभर कितीतरी उत्तरे घोकून ठेवली होती. दलालांची होती, वेचणीची होती, बैलाच्या पायाची होती. ती सगळी त्यांनी बाजूला ठेवली.

"नाही," ते म्हणाले. "औंदा पागोट्याच्या मांग मी बी येऊन राहिलो. येऊ का?"

आक्काने ताट सांभाळत वाकून पागोटे उचलले. मग म्हणाली, "चंद्र बुडून राहिला. लवकर ये."

मैनाबाईने वर बघून विचारले, "आता उतरवू का?" आणि उत्तराची वाट न बघता पाळणेवाल्याला खूण केली.

मैदानाकडून पुढच्या दाराला जायचे तर आळीला पूर्ण वळसा घालावा लागे. पागोटे नसलेले खुशालराव त्या वळशातून असे धावले, की दिवाळीसाठी पायरीवर पणत्या मांडत बसलेल्या बायकांनी पणत्यांवर हात धरले. भर सणाच्या दिवशी बोडक्या डोक्याने धावणारा माणूस बघून एका म्हाताऱ्याने विचारले, "कुठं आग लागली रे?" मागून भिंगरी घेऊन धावणारी जयवंता म्हणाली, "आत्याकडं." म्हाताऱ्याने घाबरून आपल्या घराचे छप्पर बघून घेतले.

दार उघडेच होते. ते सकाळपासून उघडे असावे, कारण उंबऱ्यावरच्या रांगोळीवर दिवसभरात कोंबड्यांची पावले उमटली होती.

आत येताना मैनाबाईला वाटले होते, आता रडारड होईल. ती पदर सावरून तयारही होती. पण आक्काने भावाला बघितले आणि म्हणाली, "असा बसशीन ओवाळून घ्याले? बोडका?"

खुशालरावांनी डोक्याला हात लावला.

"बोडक्या डोक्याले ओवाळत नाहीत. ये इकडं, बस."

ते पाटावर बसले. आक्काने ते केशरी पागोटे झटकले, त्यांच्या डोक्यावर ठेवले, आणि ते पुन्हा भुवयांवर आले. तिने काढले. पुन्हा ठेवले. पुन्हा आले.

"कोण्या बैलाच्या मापाचं घेतलं रे?"

"दुकानदार म्हणे, मोठंच चालते."

"दुकानदाराले काय, त्याच्या डोळ्यावर थोडीच येऊन राहिलं."

वातींसाठी ठेवलेली, सकाळीच पिंजलेल्या कापसाची टोपली पडवीत होती. आक्काने त्यातला मूठभर कापूस उचलला, पागोट्याच्या आत सारून नीट दाबला, आणि पागोटे भावाच्या डोक्यावर ठेवले. ते बरोबर बसले. सातासमुद्रापलीकडच्या भांडणाने ज्याला एवढा भाव आणला होता, तो कापूस वऱ्हाडात खुशालरावांच्या डोक्यावर इतका नीट बसलेला आजवर कोणी पाहिला नव्हता.

मग ती परसात गेली. चंद्र बाभळींत अर्धा गेला होता. तिने घाईने त्याला ओवाळले, कारण रीत म्हणजे रीत, आणि त्याचा तरी काय दोष होता. मग आत येऊन, त्याच दिव्याने, पाटावरच्या माणसाला ओवाळले. तो दिवा तोंडाभोवती फिरताना खुशालरावांच्या नाकाला धुराचा आणि तुपाचा जो वास आला, तो धुऱ्यावर उभ्या असलेल्या लहान खुशालच्या नाकाला ओळखीचा होता. त्यांनी डोळे मिटून घेतले. डोळ्यांत धूर गेला, असे ते नंतर सांगत.

ओवाळून झाल्यावर ताट त्यांच्यापुढे आले, तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की ताटात घालायला आपल्यापाशी काहीच नाही. दिवसभरात बाजार पालथा घालून घेतलेले सगळे इनायतुल्लाच्या दुकानाशी गाडीत राहिले होते. गेल्या वर्षी त्यांनी सगळे पाठवले होते आणि स्वतः आले नव्हते. यंदा ते आले होते आणि काही आणले नव्हते. त्यांनी कनवटीला हात घातला, खिसे चाचपले. मैनाबाईने मुद्दाम तुळशीकडे बघितले.

जयवंताने आपली कागदाची भिंगरी ताटात ठेवली. दिव्याच्या उष्णतेने ती जराशी फिरली.

आक्काने ती भिंगरी उचलली, पदराने पुसली, जणू तिला धूळ लागली होती, आणि देव्हाऱ्यात देवांच्या लाल वस्त्राजवळ खोचून ठेवली.

"आता बोल," ती म्हणाली आणि पाटासमोर बसली. "वर्षभर काय काय बोलायचं होतं थे बोल."

खुशालरावांनी तोंड उघडले. बोलायचे खरोखरच फार होते. दलालांचे होते, वेचणीचे होते, बैलाच्या पायाचेही होते. पण तोंड उघडलेले बघून आक्काने ताटातली करंजी उचलली आणि अख्खीच्या अख्खी त्यात घातली. त्यामुळे ते काही बोलू शकले नाहीत. नुसते चावत राहिले, आणि पागोट्याच्या काठाखालून तिच्याकडे बघत राहिले.